अडीच फुटी रूळ : वेल्समधल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

11 नोव्हेंबर 2023, शनिवार

मोठा हंगाम संपला. डिसेंबरातल्या नाताळच्या गाड्या सोडल्या, तर आता वसंतापर्यंत रुळांवर आणि शेडमध्ये निवांत काम करता येईल. ही वही तात्यांच्या आग्रहाखातर. तात्या म्हणजे माझे आजोबा, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. जॉबकार्ड भरल्याशिवाय हात धुवायचे नाहीत ही त्यांची जन्माची शिस्त, आणि फोनवर आठवडाभराचं मोघम ऐकून त्यांचं समाधान होत नाही. "तारीख टाक, काय केलं ते लिही, काय राहिलं ते लिही," म्हणाले.

तर आधी जागा सांगते. वेल्शपूल ते लानव्हायर कायरायनियन, साडेआठ मैलांची, म्हणजे साधारण साडेतेरा किलोमीटरची ही लाइन. लानव्हायरच्या सुरुवातीचा उच्चार मला अजून नीट येत नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि नुसता श्वास बाजूने सोडायचा. 1903 मध्ये शेतमाल, गुरं-मेंढ्या आणि कोळसा वाहायला ही गाडी सुरू झाली. मोटारबस आल्या तसे प्रवासी गेले, 1931 मध्ये प्रवासी गाडी बंद, 1956 मध्ये मालगाडीही बंद. मग हौशी लोकांनी ती पुन्हा उभी करायला घेतली आणि 1963 मध्ये अर्धी लाइन पुन्हा सुरू केली. वेल्शपूलपर्यंत पोचायला त्यांना 1981 उजाडलं. आज गाडी चालवणारे, तिकिटं देणारे, खडी ओढणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत. मी आठवडाभर श्रूजबरीजवळ पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत असते आणि जमेल त्या शनिवारी इथे.

आज रूळगँगबरोबर होते. एका वळणावरचे, रुळांखालचे सहा लाकडी स्लीपर बदलले. वरून धड दिसतात, पण पहार टोचली की आत भुसा. बाजूची खडी उकरायची, खिळे काढायचे, रूळ जॅकवर जेमतेम उचलायचा, जुना स्लीपर आडवा ओढून काढायचा, नवा सारायचा, खाली खडी ठासायची. लिहायला एक ओळ, करायला चौघांना पाऊण तास. खडीला इथे फावडं चालवत नाहीत, दाताळ्यासारखं एक अवजार असतं, त्यातून माती गळून जाते आणि दगड तेवढा वर येतो.

खिळे मारण्याआधी गेजपट्टी दोन रुळांच्या मध्ये टेकवली. 762 मिलिमीटर, वळणावर त्याहून थोडं सैल. पट्टीचा फोटो काढून तात्यांना पाठवला. घरी पोचायच्या आत उत्तर आलं होतं, बोलून पाठवलेलं, कारण टाइप करायला त्यांना जमत नाही: "अडीच फुटी! पोरी, ही आपलीच की गं!"

25 नोव्हेंबर 2023

आज माझी चूक झाली. फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ सांध्याला जोडणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट आवळायचं काम माझ्याकडे आणि दुसऱ्या एका मुलाकडे होतं, तो उजवा रूळ, मी डावा. प्रत्येक सांध्याला चार बोल्ट. सैल असेल तो आवळायचा आणि झालेल्या सांध्यावर पिवळ्या खडूची खूण करायची. पाऊस आडवा येत होता, बोटं बधिर झाली होती आणि मी एका सांध्यावर तीनच बोल्ट बघून खूण केली. चौथ्याची नट गंजलेली होती, पाना बसेना, "मागून येते" म्हटलं आणि विसरले.

गँगचे प्रमुख संध्याकाळी पूर्ण पट्टा परत चालतात. आमच्या मागून हातोडीने एकेक सांधा ठोकत येत होते. हाक मारून मला बोलावलं, आवाज चढवला नाही. खूण पुसायला लावली, नटवर तेल टाकून थांबायला लावलं, मग लांब दांड्याचा पाना देऊन मलाच ती आवळायला लावली. मग म्हणाले, आता खूण कर. बोल्ट राहिला यापेक्षा न केलेल्या कामाची खूण केली हे जास्त वाईट, हे मला वाटेत परतताना कळलं. खूण आहे म्हणजे पुढचा माणूस तिथे बघणारच नाही.

तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या लाइनीवर कीमन रोज सकाळी हातोडी नि पाना घेऊन निघायचा. ऊन असो, पाऊस असो, चार-पाच मैल. त्याला कुणी बघत नव्हतं. तरी तो प्रत्येक खिळ्याला बघायचा."

2 डिसेंबर 2023

कोळसा उतरवला. पोत्यांतून नव्हे, ढिगातून, फावड्याने. शेडमध्ये दिवसभर एकच विषय: दक्षिण वेल्समधल्या मर्थिर टिडव्हिलजवळची फॉस-अ-व्रान खाण परवा, 30 नोव्हेंबरला बंद झाली. कमी धुराचा, भरपूर उष्णतेचा वेल्श कोळसा, ज्याच्या नावावर जगभरच्या आगबोटी नि इंजिनं धावली, तो आता वेल्समध्येच या प्रमाणात मिळणार नाही. परदेशातून येणारा कोळसा किंवा कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या हेच पर्याय. वातावरणासाठी खाणी बंद व्हायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि या गाडीचा धूरही त्याच वातावरणात जातो. शेडमधल्या कोणीही हे नाकारत नाही. म्हणून तर प्रत्येक फावडा मोजून टाकायला शिकवतात.

तात्यांचं मत वेगळ्याच कारणाने ठाम: "आमचा कोळसा म्हणजे निम्मी राख. त्यावर वाफ काढणारा फायरमन, तो खरा."

16 डिसेंबर 2023

पाऊस. रूळकाम रद्द. तिघांनी मिळून रुळांखालून पाणी जाणारी एक मोरी साफ केली. पालापाचोळा, मेंढ्यांची लोकर, एक तुटकं फाटक. पाणी सुटलं तेव्हा गटगट आवाज करत पलीकडच्या शेतात गेलं आणि आमच्या बुटांत चिखल राहिला.

पाणी तुंबलं की भराव भिजतो, भराव भिजला की रूळ बसतो. आणि इथल्या लोकांना पाण्याची धास्ती आहे. 1964 च्या डिसेंबरात बॅन्वी नदीला पूर आला आणि पुलाचा एक खांब खचला. गाडी पुन्हा सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तिजोरीत खडखडाट. लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सनी 1965 मध्ये तो पूल दुरुस्त करून दिला. त्या पुलावरून जाताना जुनी माणसं अजून खाली पाण्याकडे बघतात. मीही बघायला लागले आहे.

6 जानेवारी 2024

आजपासून शेडमध्ये. बॉयलर धुवायचा.

इंजिन कित्येक दिवस थंड पडलेलं. बॉयलरच्या अंगावर ठिकठिकाणी पितळी बुचं असतात, निमुळत्या आट्यांची, चौकोनी डोक्याची. प्रत्येक भोकाला खडूने क्रमांक घातलेला आणि बूच त्याच क्रमांकाच्या भोकात परत जायचं, कारण वर्षानुवर्षं ते एकमेकांत बसून गेलेले असतात. मी बुचं काढून फळीवर क्रमाने मांडत गेले. खालची बुचं निघाली तेव्हा आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग गाळ. पिवळसर, मऊ, बोटांत घेतला तर साबणासारखा निसटणारा. मग वरच्या भोकातून रबरी नळी घालून जोरात पाणी मारायचं आणि वाकवलेल्या सळईने कोपरे खरवडायचे. फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, चारही बाजूंना पाण्याची अरुंद पोकळी असते, बोटभर-दोन बोटं रुंदीची, तिच्या तळाशी गाळ सर्वांत घट्ट बसतो. तिथे गाळ राहिला तर पाणी पत्र्याला टेकत नाही, पत्रा तापत राहतो आणि फुगतो. सळईने खरवडायचं, पाणी मारायचं, आरसा आत घालून विजेरीने बघायचं, परत खरवडायचं. खालून येणारं पाणी नितळ होईपर्यंत.

दुपारी साडेतीनला नितळ झालं. तोवर फळीवरच्या बुचांच्या आट्या मी केरोसीनने घासून ठेवल्या होत्या. गाळाबरोबर खपल्या आल्या होत्या, अंड्याच्या कवचाएवढ्या जाड, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खरबरीत. विचारून चार खपल्या डबीत घातल्या.

8 जानेवारी 2024, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत एका खपलीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला. सर्रकन फेस आला. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या बंबात धरतो तोच क्षार. अपेक्षित होतंच, तरी स्वतः बघितलं की बरं वाटतं. खपली फेसाळून विरघळताना एक बारीक काळा थर मागे राहिला. शेडमधल्या पाण्याच्या नोंदवहीत मागच्या हंगामाचे आकडे आहेत, पाण्यात क्षार किती, औषध किती घातलं, गाळ कधी सोडला. पुढच्या हंगामात दर आठवड्याची तपासणी मी करून देईन असं कळवलं. "आजपासूनच तुझं नाव लिहितो," असं उत्तर आलं.

तात्या म्हणाले, कुर्डुवाडीकडचं बोअरचं पाणी खारं, तिकडे पंधरवड्याला बॉयलर धुवावा लागायचा. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला जी खूण आहे, जिच्याबद्दल लहानपणी आम्हा नातवंडांना वाघाची गोष्ट सांगितली होती, ती बुचाची आटी लागून झालेली आहे. मला छत्तीसाव्या वर्षी कळलं.

20 जानेवारी 2024

फायरबॉक्सच्या आत गेले.

या इंजिनाचं कोळसा टाकायचं तोंड लहान आणि अंडाकृती. शेडमधली बाकीची मंडळी खांद्याने रुंद. माझ्याकडे बघून कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच विचार होता हे दिसलं, म्हणून मीच विचारलं. कागद भरला, बाहेर एक माणूस सतत माझ्याशी बोलत राहील हे ठरलं, विटांची कमान आधीच काढलेली. आधी दोन्ही हात, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून. पाय बाहेर राहिले की आपण कुठे आहोत ते कळत नाही, पाय आत आले की एकदम जागा मिळते. उकिडवं बसता येईल एवढी.

कमी दाबाचा दिवा वर धरला. समोर नळ्यांची तोंडं, ओळीत, प्रत्येकीच्या कडेला पांढरट राख. यातून आगीचा जाळ पुढे जातो, बाहेरच्या बाजूने पाणी, असा सगळा कारभार. चारही भिंतींवर, छतावर, स्टेच्या गुंड्या, हाताला लागतील अशा. आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून हे स्टे दोघांना धरून असतात. एकेक गुंडी छोट्या हातोडीने ठोकायची आणि आवाज ऐकायचा. चांगल्या स्टेचा आवाज खणखणीत येतो, तुटलेल्याचा बसका. मी ठोकत होते, बाहेरचा माणूस ऐकत होता आणि कागदावर टिंब देत होता. एकही बसका निघाला नाही. छतातल्या शिशाच्या बुचाकडे शेवटी दिवा धरला. पाणी कमी होऊन छत उघडं पडलं तर आधी हे शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येते. त्याच्या मधोमध शिशाचा करडा डोळा होता, सपाट, शाबूत.

मी तिथे बसल्या बसल्या थोडा वेळ दिवा खाली ठेवला. तात्या अडतीस वर्षं अशा पोटांत उतरले. आमच्या घरी त्या कामाबद्दल एवढंच माहीत होतं, की ते काळे होऊन यायचे आणि आजी परसात पाणी तापवून ठेवायची.

बाहेर आल्यावर चहा मिळाला. माझा चेहरा किती काळा झाला ते मला गाडीच्या आरशात दिसलं आणि मी तशीच घरी गेले.

27 जानेवारी 2024

बॉयलरच्या निरीक्षकांनी थंड तपासणी केली. दोन नळ्यांबद्दल विचारलं, माझ्या टिंबांचा कागद मागितला, नीट वाचला. पास. बुचं क्रमाने परत बसवली, आट्यांना ग्राफाइट लावून, आधी हाताने आणि मग पान्याने.

3 फेब्रुवारी 2024

ताप आला म्हणून गेले नाही. तात्यांशी दोन तास बोलले आणि वहीच्या मागच्या पानांवर त्यांचे शब्द उतरवले. इंजिनाला तेल घालायची लांब चोचीची झारी. कोळशाचा बेलचा. गाडीचा रस्ता बदलणारा सांधेवाला. वर्कशॉपचा भोंगा, ज्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. रूळ उचलून खाली खडी ठासणं याला गँगमध्ये "पॅकिंग मारणं" म्हणत. मी इथे जे काम इंग्रजीतून शिकते ते सगळं त्यांच्याकडे मराठीतून होतं, हिंदी-इंग्रजीची सरमिसळ असलेल्या, पण आपल्याच मराठीतून. आणि ते कुठेही लिहिलेलं नाही.

इतिहासही लिहून ठेवते. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. तिचा आखणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. अडीच फुटी लाइन म्हणजे खेळणं नव्हे, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. प्रत्येक चाकावर सारखा भार पडेल अशी इंजिनं आणि डबे त्याने आखले, म्हणजे हलक्या रुळांवरूनही जड माल जातो. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. वारीला याच गाडीने माणसं जायची, टपावरसुद्धा. कंपनीचं मुख्यालय लंडनला होतं आणि 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. तात्या तीन वर्षांनी लागले. याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडातही 1904 मध्ये एक अडीच फुटी गाडी चालू केली, स्टॅफर्डशायरच्या डोंगरांत, ती 1934 मध्ये बंद झाली आणि तिच्या वाटेवर आता लोक चालायला जातात. बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली. ते व्हायलाच हवं होतं, लातूरच्या माणसाला मुंबईला थेट गाडी हवी होती आणि मिळाली. पण अडीच फुटीतला एखादा पाच मैलांचा तुकडा राखला असता तर तात्या आज तिथे नव्या पोरांना बुचं कशी काढायची ते शिकवत बसले असते. हे मला सारखं वाटतं आणि वाटत राहणार.

17 फेब्रुवारी 2024

डब्यांच्या शेडमध्ये. खिडक्यांच्या चौकटी घासून वॉर्निशचा पहिला हात दिला.

हा डबा सिएरा लिओनचा. तिथली रेल्वे बंद पडली तेव्हा 1975 मध्ये एक इंजिन आणि चार डबे इथे आणले. अँटिग्वाच्या उसाच्या लाइनीवरचं एक इंजिनही इथे आहे. ऑस्ट्रियाचे डबे आहेत, तिकडचं गेज 760, म्हणजे आपल्यापेक्षा दोन मिलिमीटरने कमी, तरी चालतात. जगभरातलं जे जे अडीच फुटी विझत आलं ते थोडं थोडं इथे गोळा झालं आहे. बार्शीचं काही नाही. आज चौकट घासताना आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले जुने आकडे सापडले, सुताराची मापं असावीत. तेवढी जागा न घासता सोडली, वरून फक्त वॉर्निश.

2 मार्च 2024

गोल्फा नावाच्या चढावर खडी टाकली. हा चढ 29 फुटांना एक फूट, वळणावळणाचा. पायी चढतानाही धाप लागते. उतरताना गाडीच्या ब्रेकचा वास येतो तो इथेच. दिवसभर खडी, बाकी लिहिण्यासारखं नाही. पाठ.

15 आणि 16 मार्च 2024

शुक्रवारी ऑफिसातून थेट शेडला. उद्या वाफेवरची तपासणी, म्हणून आज बॉयलर कोमट करायचा. एकदम तापवला तर पत्रे सारखे पसरत नाहीत, नळ्यांचे सांधे गळायला लागतात. आधी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांतलं पाणी बघितलं, दोन्ही काचांत. हँडब्रेक आवळलेला, सिलिंडरकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद, गिअर मधोमध, सिलिंडरचे नळ उघडे. प्रत्येक गोष्टीला हात लावून मोठ्याने म्हणायचं, अशी इथली पद्धत. मग जाळीवर कोळशाचा पातळ थर, वर तेलाच्या चिंध्या आणि फोडलेल्या जुन्या स्लीपरच्या नव्हे, साध्या लाकडाच्या ढलप्या, कारण जुन्या स्लीपरला डांबरी तेल पाजलेलं असतं. काडी मी ओढली. रात्री नऊपर्यंत बॉयलरला हात लावला तर आंघोळीच्या पाण्याइतका.

शनिवारी पहाटे पाचला परत. आग वाढवली. थोडं थोडं, चारी कोपऱ्यांत, मधे कमी. मी एकदा मागच्या बाजूला जास्त टाकलं आणि काळा धूर उठला. ड्रायव्हरने नुसतं धुराड्याकडे बोट दाखवलं आणि थांबले. धूर पातळ होईपर्यंत मीही थांबले. सातला काटा हलला. शेडमध्ये आवाज सुरू झाले, आधी कुठेतरी ठिबकणं, मग एक बारीक शीळ, मग पत्र्यांचे टक टक आवाज. साडेनऊला पुरेसा दाब. निरीक्षकांनी काचा फुंकून, म्हणजे खालचा नळ उघडून त्यांतून वाफ-पाणी सोडून, बघायला लावल्या, दोन्ही इंजेक्टरने पाणी भरून दाखवायला लावलं, मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत दाब चढवला. काटा लाल रेघेवर आला आणि व्हॉल्व्ह उडाले. छत दणाणलं. त्यांनी सही केली.

साडेअकराला, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला, तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन त्यांच्यासमोर धरला होता. मी इंजिन दाखवलं, आगीचं तोंड दाखवलं, नळ्या, झारी, सगळं. ड्रायव्हरने शिट्टी दिली. तात्यांनी कानाजवळ हात नेला. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "काच फुंकून बघितलीस का?"

"बघितली, तात्या. दोन्ही."

"खालचा नळ उघडून?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून उघडलास? का आपणहून?"

"इन्स्पेक्टरनी सांगितलं म्हणून."

"पुढल्या वेळी आपणहून," ते म्हणाले. मग ड्रायव्हरकडे फोन द्यायला सांगितला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तात्यांनी दोन बोटं उभी केली, मग एक आडवी, मग मूठ वळून खाली ओढली. ड्रायव्हरने मान हलवली आणि रेग्युलेटरच्या दांडीवर हात ठेवून त्यांना तो किती उघडतो ते दाखवलं. असं चार-पाच मिनिटं चाललं. मी मधे भाषांतर करायला गेले तर दोघांनीही मला गप्प केलं.

राहिलेलं काम: मोरीच्या तोंडाला जाळी बसवायची आहे, माप घेतलं, जाळी आणायची. डब्याच्या चौकटींना वॉर्निशचा दुसरा हात. 25 नोव्हेंबरच्या त्या सांध्याची नट पुन्हा एकदा बघून यायची. पाण्याचा पहिला नमुना पुढच्या शनिवारी, बाटली धुऊन पिशवीत ठेवली आहे.